नवव्या मेसेजचं उत्तर

विद्यापीठाचा मेसेज रोज सकाळी सव्वासातला यायचा, आणि तो माझ्या फोनवर यायचा. नातीच्या नाही, सुनेच्या नाही, माझ्या. नातीला दाखल करायला गेलो त्या दिवशी तिच्या फोनची काच फुटलेली होती, म्हणून अर्जावर माझा नंबर घातला. पुढे काच बदलली. नंबर बदलायचा तर एक कागद भरून द्यावा लागतो, असं ती मला दोनदा म्हणाली. मी म्हटलं, राहू दे गं, कशाला खेटे घालतेस. खरं कारण वेगळं होतं. विद्यापीठ मला मेसेज पाठवतं, हे मला आवडत होतं. मी शाळेत चार वर्षं काढली, त्यातली दोन बाकावर आणि दोन वर्गाबाहेर अंगठे धरून. त्या बाईला रोज सकाळी विद्यापीठ उठवतंय म्हटल्यावर मान ताठ होणारच.

नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. एका जागी बसत नाही म्हणून. ती प्रयोगशाळेचं शिक्षण घेते, रक्त तपासायचं, जंतू वाढवायचे, जंतू मारायचे, असलं काहीतरी. वर्गात मुलं दोनशे आणि शिकवणाऱ्या बाई एकट्या, म्हणून त्यांनी ही मेसेजची रीत काढली होती. साधा मेसेज, कुठल्याही फोनवर येणारा. रोज एक धडा किंवा एक सूचना. त्यावर नंबर असायचा. खाली दर वेळी तेच लिहिलेलं: समजलं असेल तर मेसेजचा नंबर आणि पुढे १ पाठवा. समजलं नसेल तर नंबर आणि पुढे २ पाठवा, बाई फोन करून समजावतील. पाच दिवस उत्तर गेलं नाही, तर त्या वर्षी प्रयोगशाळेत पाऊल ठेवायचं नाही.

मी आणि सून घरीच लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून देतो. मी इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून मेसेज मोठ्यानं वाचायची आणि भिंगरी वेणी घालता घालता ऐकायची. वाचायची म्हणजे सुरुवात करायची. मी 'ताप' म्हणायची, तोवर ती 'तापमान एकशे एकवीस' म्हणून पुढे निघून गेलेली असायची. लांबलचक मेसेज असला तर माझ्या हातातून फोन अलगद काढून घ्यायची, जसं काही मला फोन जड झालाय. मी काही बोलायची नाही. तीही बोलायची नाही. वाचून झालं की फोन परत माझ्या हातात. १ दाबायचा मान माझा.

एकदा ती म्हणाली, "आजी, आज दोन दाब. हे मला नीट कळलं नाही."

मी म्हटलं, "आपल्या घरातून दोन जाणार नाही. परत वाच."

तिनं तीनदा वाचलं आणि मग मी १ पाठवला. मला त्या दिवशी वाटलं होतं, याला म्हणतात वळण लावणं.

मग प्रयोगशाळेचं नवं सत्र सुरू झालं, मेसेजचे नंबर परत एकपासून लागले, आणि त्याच दिवशी भिंगरी तापानं आडवी झाली. बारा दिवस. डॉक्टर म्हणाले, पुस्तक नको, फोन नको, डोळ्यांना ताण नको. रोज सकाळी ती पडल्या पडल्या विचारायची, "आजी, आला का?"

"आला. मी बघितला. एक पाठवला. विशेष काही नव्हतं, तू झोप."

विशेष काही होतं की नव्हतं, मला काय ठाऊक. सगळे मेसेज लांब होते. सुनेला दिले असते तर तिनं घडाघडा वाचले असते, दहावी झालेली आहे. पण तिच्यापुढे फोन धरायचा म्हणजे मला वाचता येत नाही हे कबूल करायचं. वीस वर्षं झाली तिला या घरात येऊन. एवढ्या वर्षांत मी तिच्यापुढे कशासाठी हात पसरला नव्हता.

वर आणखी एक खोड. माझा फोन जुना, चार मेसेज आले की जागा संपली म्हणून ओरडायला लागतो. मी एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम केलं. तिथली रीत अशी, की प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठी बांधलेली असते, आणि गठ्ठा ज्याचा त्याला पोचला की चिठ्ठी फाडायची. ठेवायची नाही, नाहीतर तोच गठ्ठा दुसऱ्यांदा शोधत बसाल. ती सवय हातात इतकी भिनली की फोनवरही मी तेच करत होते. उत्तर गेलं, मेसेज पुसला. एक ते बारा, बाराच्या बारा.

नववा मात्र लक्षात राहिला होता. तो सगळ्यात लांब. खाली सरकवत गेले तर संपेना. मी पहिली ओळ लावली होती: खोली चारमधल्या जुन्या यंत्राचा काटा. एवढ्यात इस्त्रीखालच्या सदऱ्याचा वास आला. मी '९ १' पाठवलं, मेसेज पुसला आणि सदरा वाचवला.

तेराव्या दिवशी ताप नव्हता. भिंगरी आंघोळ करून, पांढरा कोट पिशवीत घालून आठलाच निघाली. तोंड अजून उतरलेलं होतं, पण पायांना भिंगरी परत लागली होती. सकाळचा मेसेज त्या दिवशी आलाच नाही. मला वाटलं, बाईंनाही कधी झोप लागत असेल.

फोन माझ्या खिशात होता. अकरा वाजता चहाला म्हणून बाहेर काढला तर मेसेज येऊन तासभर झाला होता. छोटा होता. म्हटलं, हा मला जमेल. भिंतीला टेकून एकेक अक्षर लावलं.

आज दुपारी बारा. खोली चार. मेसेज ९ ला १ पाठवलेले विद्यार्थी एकेकटे यंत्राचं दार उघडतील. २ पाठवलेले बाहेर थांबतील.

वाचून झाल्यावर मला आधी बरं वाटलं. आमची मुलगी आत, बाकीचे बाहेर. कप उचलला. मग दोन शब्द एकमेकांना येऊन लागले. यंत्राचं दार. यंत्राचा काटा. कप तोंडापर्यंत गेलाच नाही.

जंतू मारायचं यंत्र काय असतं ते मला पुस्तकात बघायची गरज नाही. आमच्या धुलाईखान्यात होतं. संसर्गाच्या वॉर्डातल्या चादरी त्यात जायच्या. कपाटाएवढी लोखंडी टाकी, दाराला जहाजासारखं गोल चाक, वर दाबाचा काटा. आत वाफ कोंडतात. काटा शून्यावर आल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. माझ्या जोडीला एक होती, तिला आम्ही मैना म्हणायचो, सारखी गुणगुणायची. एका सकाळी मी गाडी ढकलत टाकीपाशी आले, तेव्हा ती चाकाला दोन्ही हात घालून उभी होती. मी विचारलं, झालं का गं? ती म्हणाली, काटा शून्यावर आहे की. आणि चाक फिरवलं.

काटा अडकला होता. शून्यावर अडकला होता.

लोकांना वाटतं वाफ दिसते. दिसतो तो लांब गेलेला धूर. दाराच्या तोंडाशी असते ती दिसत नाही, नुसती ऐकू येते. माझा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत आजही मेणासारखा दिसतो, आणि मी तर टाकीपासून सहा पावलं लांब होते. मैना परत कामावर आली नाही. मी भेटायला गेले तेव्हा तिनं मला आवाजावरून ओळखलं.

"अगं," मी सुनेला हाक मारली.

ती गठ्ठे बांधत होती. मी फोन तिच्यापुढे धरला. "हे वाच. मी बरोबर वाचलंय का सांग."

तिनं एका दमात वाचलं. "बरोबर आहे. आज प्रॅक्टिकल आहे तिचं. मग?"

"नवव्या मेसेजात काय होतं मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी तो वाचला नव्हता. एक पाठवला आणि पुसला."

सून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हातातली सुतळी सुटली आणि गठ्ठा हळूहळू उलगडत गेला. "आणि भिंगरीला काय सांगितलंत?"

"विशेष काही नव्हतं म्हणून."

आधी तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं, मग स्वतःच्या फोनवरून भिंगरीला फोन लावला. वाजत होता. वाजत होता आणि वाजत होता. प्रयोगशाळेत शिरताना फोन बाहेरच्या कप्प्यात ठेवावे लागतात, हे मला भिंगरीनंच सांगितलं होतं. तो कप्प्यात एकटाच वाजत पडलेला मला दिसायला लागला.

"दोन पाठवा," सून म्हणाली. "नऊ, आणि पुढे दोन."

मी '९ २' पाठवलं. आयुष्यातला पहिला दोन. लगेच उत्तर आलं, सुनेनं वाचून दाखवलं: उत्तर मिळालं. शिक्षक संध्याकाळी पाच ते सहा या वेळात फोन करतील.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

रिक्षा मिळाली ती माझ्या वयाची. चालवणारा म्हणाला, "घाई आहे का?" मी म्हटलं, "नाही रे, हवा खायला निघालोय. चालव." पुढे सिग्नल लागला. सिग्नलला मी परत '९ २' पाठवलं. परत तेच, पाच ते सहा. मग मी थांबलेच नाही. घाईत एखाद वेळी नऊच्या जागी सहा पडायचा, तो पुसून परत नऊ. सून दुसऱ्या कानाला फोन लावून बसली होती आणि रिंग वाजून वाजून बंद पडली की पुन्हा लावत होती. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो.

पुलावर रिक्षा अडली तेव्हा ती म्हणाली, "आई, मला का नाही दिलात वाचायला?"

मी परत '९ २' पाठवलं.

"बारा दिवस मी बाजूच्या टेबलावर उभी होते. हात लांब केला असता तरी पोचला असता."

"माहीत आहे."

"मला लहानपणापासून भीती वाटते वाफेची. तिनं हा अभ्यास घेतला तेव्हा मी म्हटलं होतं, आई, तिथे यंत्रं असतात. तुम्ही म्हणालात, तुझ्यासारखी भित्री नाही ती."

मी तसं म्हटलं होतं. शब्द न् शब्द. माझ्याकडे सुनेला द्यायला उत्तरं नेहमी तयार असतात, ताज्या इस्त्रीची. त्या दिवशी मी एवढंच म्हटलं, "तू फोन लावत राहा."

पांढऱ्या कोटाची बाही तेवढी डोळ्यांपुढे येत होती. ती मीच इस्त्री केली होती, आदल्या संध्याकाळी. मनगटापाशी कडक, टोकदार. मैनेच्याही बाह्या कडक असायच्या.

विद्यापीठाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा बाराला दहा मिनिटं होती. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं वही पुढे केली. नाव, कुणाला भेटायचं, काय काम, आल्याची वेळ. सून पेन शोधायला लागली. मी फाटकातून आत गेले.

"ओ आजी, वहीत लिहिल्याशिवाय जाता येत नाही."

"लिही मग. म्हातारी ऐकत नाही, असं लिही."

"आजी, मला बोलणी बसतील."

"बसू देत. मी निघताना तुझ्या वाट्याची पण खाऊन जाईन."

त्यानं सुनेला विचारलं, या नेहमी अशाच का. सून म्हणाली, हो. आणि तीही माझ्यामागे पळत आली. पळतच विचारलं, खोली चार कुठे. दुसरा मजला, डाव्या हाताला, तो मागून ओरडला.

जिन्याला बावीस पायऱ्या होत्या. गुडघे माझे धुलाईखान्यानं खाल्लेत, एरवी मी तीन पायऱ्यांना एकदा थांबते. त्या दिवशी कुठे थांबले ते आठवत नाही. अर्ध्या वाटेवर होते, तेव्हा वरून आवाज आला.

तो आवाज मी सदतीस वर्षांनी ऐकला. शिट्टी नाही, किंकाळी नाही. जाड कापड एका ओढीत फाडावं, आणि ते संपूच नये, तसा. भिंतीतून आला, कठड्याच्या लोखंडातून माझ्या तळहातात आला. माझा डावा हात आपोआप तोंडावर गेला. वरून पावलांचा आवाज झाला, खूप पावलं, मागे सरणारी. कुणीतरी "मागे व्हा" म्हणालं.

मी तिथेच खाली बसले. खोटं कशाला सांगू. पाय वर जाईनात. मला वाटलं, मी वर गेले नाही तर जे झालं ते झालेलं नसेल. सून मला ओलांडून गेली. तिच्या चपलेचा एक अंगठा तुटला, तशीच गेली. मग वरून तिचा आवाज आला. तिनं पोरीचं खरं नाव घेतलं, जे आम्ही घरात कुणी घेत नाही.

आणि मग भिंगरीचा आवाज. चिडलेला. "आई? तू इथे काय करतेयस?"

मी कठडा धरून वर गेले. वर जाईपर्यंत तो आवाज बारीक होत होत थांबला. व्हरांड्यात मुलं भिंतीला चिकटून उभी होती. खोली चारच्या बाहेर एका बाकावर भिंगरी बसलेली. कोट घडीसकट कोरा. चेहरा लालबुंद, पण तो रडून. मी तिच्यापाशी जाऊन तिचे हात हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले, बाह्या वर सरकवून बघितल्या.

"आजी, काय करतेस, सगळे बघतायत," ती दातांतून म्हणाली. "आधीच माझी शोभा झालीये. बाईंनी सगळ्यांसमोर बाहेर काढलं मला. म्हणे तुझ्या नावापुढे दोन आहे. मी कधी आयुष्यात दोन पाठवला? तूच सांग त्यांना."

तेवढ्यात दार उघडलं आणि बाई बाहेर आल्या. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, कोपरापर्यंत जाड पांढरट हातमोजे. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे.

"तुम्ही का त्या? चौदा वेळा '९ २'?"

"मोजले नाहीत," मी म्हटलं.

"मी मोजले. काम सुरू करायच्या आधी मी यादी उघडते. हिच्यापुढे एक होता. खाली दोन. त्याखाली दोन. मला वाटलं फोन बिघडला. पण शेवटचं उत्तर धरायचं हा आमचा नियम आहे, म्हणून हिला बाहेर बसवली." त्या भिंगरीकडे वळल्या. "आता मला सांग. नवव्या मेसेजात काय होतं?"

भिंगरीनं माझ्याकडे बघितलं. "मला ताप होता, बाई."

"ते कळलं. काय होतं त्यात?"

"माहीत नाही."

"मग दार कसं उघडणार होतीस?"

"काटा बघून," भिंगरी म्हणाली. "काटा शून्यावर आला की उघडायचं."

बाईंचा चेहरा मी बघितला. त्यांचा रंग हातमोज्यांसारखा झाला. दार पूर्ण उघडून त्या बाजूला झाल्या, आणि आम्ही उंबऱ्यातून आत बघितलं. तीच टाकी. तेच चाक. वर काटा शून्यावर.

"आत्ता जो आवाज झाला तेव्हाही तो शून्यावर होता," बाई म्हणाल्या. "मी बाजूचा व्हॉल्व्ह उघडून वाफ सोडत होते. दीड मिनिट."

भिंगरी बाकावरून उठायला गेली आणि परत बसली. तिच्या आईनं तिचं डोकं पोटाशी धरलं. मला कुणी धरलं नाही, आणि धरायचं कारणही नव्हतं.

माझ्या जिभेला सवय आहे, ती भीतीतसुद्धा आधी दुसऱ्याकडे वळते. मी म्हटलं, "काटा बदलता येत नाही तर ही टाकी चालवता कशाला?"

"दोन महिने झाले नवा मागवून," बाई म्हणाल्या. "यायचा तेव्हा येईल. आणि ही मुलं जिथे कामाला लागतील, तिथले काटे धड असतील असं तुम्हाला वाटतं?"

मला मैना आठवली. मी 'नाही' अशी मान हलवली.

मग मला जे सांगायचं होतं ते सांगितलं. मुलं उभी होती, सून उभी होती. म्हटलं, "बाई, पोरीची चूक नाही. एक ते बारा, सगळे एक माझे आहेत. तिला ताप होता. मी न वाचता पाठवले."

"का?"

"लांब होते."

बाई थांबल्या. मी फोन त्यांच्यापुढे धरला. "मला लांब वाचता येत नाही. सुरुवात येते. पुढचं नात वाचते."

भिंगरीनं आईच्या पोटातून डोकं बाहेर काढलं. तिला हे पहिल्या मेसेजापासून माहीत होतं. पण मी ते बोलू शकते, हे तिला माहीत नव्हतं.

बाई रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्या म्हणाल्या, बाराच्या बारा धडे परत होतील. या तुकडीबरोबर भिंगरी टाकीला हात लावणार नाही. तीन आठवड्यांनी, एकटी, त्यांच्यासमोर. आणि नंबर बदलायचा. कागद खालच्या खिडकीत मिळतो.

कागद मीच आणला. सही करताना भिंगरी म्हणाली, "तुला आवडायचं ना गं ते, सकाळचं." मी म्हटलं, "सही कर, खिडकी बंद होईल." घरी येताना तिघी एका रिक्षात बसलो. सुनेच्या एका पायात चप्पल नव्हती.

त्यानंतर सव्वासातला माझा फोन वाजायचा बंद झाला. भिंगरी तिच्या फोनवर मनातल्या मनात वाचायची. बाईंनी जुने बारा मेसेज परत पाठवले होते, त्यातल्या चार-पाचांना तिनं दोन पाठवलेला मी चोरून बघितला. संध्याकाळी बाईंचा फोन यायचा, ती दाराबाहेर जाऊन बोलायची. मला मात्र कुकरची शिट्टी झाली तरी धस्स व्हायचं. इस्त्रीतून नेहमीसारखी वाफ फुसकन निघाली की हात मागे यायचा. एकतीस वर्षं आणि वर घरातली पंधरा, इतक्या काळात कधी झालं नव्हतं.

एका सकाळी भिंगरीनं फोन माझ्यापुढे टेबलावर ठेवला. "वाच," म्हणाली. "नववा आहे."

"तूच वाच. मला इस्त्री आहे."

"इस्त्री बंद कर."

सुनेनं बटण बंद केलं. मला कुणी विचारलं नाही.

मी वाचायला सुरुवात केली. खोली चारमधल्या जुन्या यंत्राचा काटा. इथपर्यंत ठाऊक होतं. पुढे थांबले, तिच्याकडे बघितलं. नेहमी ती इथून पुढे घ्यायची. या वेळी ती वेणी घालत राहिली. मी बोट ठेवलं. बि, घड, ले, ला. बिघडलेला आहे. आत दाब असतानाही तो शून्य दाखवतो. त्यावर विश्वास ठेवू नका. जोडाक्षराला मी दोनदा अडकले, सून तोंड उघडायला गेली, भिंगरीनं तिला डोळ्यांनी गप्प केलं. आधी बाजूचा व्हॉल्व्ह उघडा. आवाज पूर्ण थांबू द्या. त्यानंतर शंभर आकडे मोजा. मगच चाकाला हात लावा. चेहरा बाजूला ठेवा.

चौदा मिनिटं लागली. चेहरा बाजूला ठेवा, हे मी परत वाचलं. कुणी सांगितलं नव्हतं तरी.

"कळलं का?" भिंगरीनं विचारलं.

"मला चांगलंच कळलं. तुला?"

"मला ते तिथे जाऊन कळेल," ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी तो दिवस आला. मी म्हटलं होतं बरोबर येते, ती नको म्हणाली. तिच्या कोटाला मी इस्त्री केली नाही. हात धजेना. तिनं स्वतः केली, बाहीवर दोन चुण्या राहिल्या, मी त्या राहू दिल्या.

बारा वाजता मी इस्त्री बंद करून टेबलापाशी उभी राहिले. सून समोर गठ्ठ्यावर बसली. मनातल्या मनात मी व्हॉल्व्ह उघडला. तो आवाज ऐकला, तो थांबेपर्यंत ऐकला. मग शंभर मोजायला लागले. साठाच्या पुढे चुकले आणि परत पहिल्यापासून मोजले. सुनेचे ओठही हलत होते. घड्याळात बारा वाजून दहा झाले. पंधरा झाले. सुनेनं स्वतःचा फोन उचलला आणि परत ठेवला. कप्प्यात असेल, ती म्हणाली. मी म्हटलं, हो, कप्प्यात असेल. वीस झाले. तीस झाले. माझा डावा हात कोपरापासून खाली आग आग करत होता, जणू काल भाजलाय.

बारा वाजून सदतीस मिनिटांनी माझा फोन वाजला. मेसेजचा आवाज, एकदाच. मी तो उचलेना. सुनेनं उचलून माझ्यापुढे धरला, स्वतः वाचला नाही.

भिंगरीच्या नंबरवरून होता. दोनच आकडे.

९ १

मी भिंतीला टेकून खाली बसले. सून माझ्या बाजूला येऊन बसली. तेवढ्यात फोन तिच्या हातात ओरडला, जागा संपली म्हणून. ती म्हणाली, "आई, एखादा मेसेज काढावा लागेल."

"काढ," मी म्हटलं. "हा सोडून कुठलाही काढ."